टेम्पो दारात यायच्या आधी: लहान मुलांना घेऊन घर बदलताना काय करायचं (आणि आम्ही काय चुकलो)

सांगलीहून पुण्याला आलो त्या रात्री साधारण नऊच्या सुमाराला आमचा मोठा, तेव्हा साडेचार वर्षांचा, चपला घालून फ्लॅटच्या दारात जाऊन उभा राहिला. सगळीकडे खोकी, फॅन लागलेला नाही, धाकटी कडेवर रडतेय, आणि हा शांतपणे म्हणतो, "चल ना आई, झालं ना आता, घरी जाऊया." मला एकदम पोटात धस्स झालं, कारण तेव्हा लक्षात आलं की याला आम्ही काही सांगितलेलंच नाहीये. म्हणजे सांगितलं होतं की पुण्याला बाबांकडे जायचंय, मज्जा येणार, लिफ्ट आहे, बागेत घसरगुंडी आहे. पण परत यायचं नाहीये, आजी-आजोबा आणि काकूकडचा दादा तिकडेच राहणार, हे कुणीच बोललं नव्हतं. लहान आहे, त्याला काय कळतंय, असं सगळेच म्हणत होते, मीपण.

पुढचे तीन आठवडे रोज "घरी कधी जायचं" ऐकलं. मग अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट संपलं, मालकाने भाडं वाढवलं, परत घर बदलावं लागलं. तेव्हा मात्र सगळं वेगळ्या पद्धतीने केलं आणि खूप फरक पडला. खाली जे लिहितेय ते या दोन शिफ्टिंगमधून आलेलं आहे, शिवाय मैत्रिणींचे अनुभव आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी सांगितलेल्या गोष्टी.

आधी सांगा, पण किती आधी?

वयावर आहे. दीड-दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सांगून काही उपयोग नाही, त्याला माणसं, वास आणि दिवसाचा क्रम कळतो, तेवढा धरून ठेवायचा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवस आधी सांगितलं तरी पुरे, महिनाभर आधी सांगितलंत तर रोज सकाळी उठून "आज जायचं?" विचारून जीव नकोसा करतील. चार ते सहाच्या मुलांना दोन-तीन आठवडे तरी द्या. "पुढच्या महिन्यात" वगैरे त्यांना समजत नाही, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर जायच्या तारखेला टेम्पोचं चित्र काढा आणि रोज झोपायच्या आधी एक चौकोन मुलाच्या हाताने खोडू द्या. दुसऱ्या वेळी आम्ही हेच केलं, तर हा स्वतःच वॉचमनकाकांना सांगत सुटला की अजून सहा चौकोन राहिले.

बोलायचं काय? साधं आणि खरं. "आपण या घरातून दुसऱ्या घरात राहायला जाणार. या घरात मग दुसरे लोक राहतील. आपण परत इथे झोपायला येणार नाही. आई, बाबा, ताई, तुझी सायकल, तुझी गोधडी सगळं आपल्याबरोबर येणार." शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. काय बदलणार हे आपण सांगतो, काय बदलणार नाही हे सांगायला विसरतो. आणि त्यांचे प्रश्न आपल्याला वाटतात तसले नसतातच. माझी तयारी "मित्र मिळतील का" या प्रश्नाची होती, याने विचारलं, "माझा कमोड पण टेम्पोत नेणार का?" हसू नका, उत्तर द्या.

ऐकून मूल रडलं तर रडू द्या. लगेच "अरे पण तिकडे किती मोठी बाग आहे" सुरू करू नका. तुला हे घर आवडतं, सोडायचं म्हणून वाईट वाटतंय, मलापण वाटतंय, एवढं म्हणून जवळ घेतलं तरी बास. आणि जे नक्की नाही त्याचं प्रॉमिस देऊ नका. "शेजारी तुझ्याएवढा मुलगा आहे" असं ब्रोकरच्या सांगण्यावरून मी बोलून बसले, तो मुलगा निघाला नववीतला.

घरच्या मोठ्यांशी आधी बोलून घ्या

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. एकत्र घरातून बाहेर पडताना, त्यातून वाटणी किंवा कुरबुरी होऊन पडताना, मोठी माणसं चेष्टेत किंवा दुखावून मुलाला काय काय म्हणतात. "चाललास ना आजीला सोडून?" "आता काय बाबा, तुम्ही पुणेकर, आम्हाला कशाला ओळखाल." आपल्याला ते टोमणे कुणाला आहेत ते बरोबर कळतं, पण चार वर्षांच्या मुलाला ते शब्दशः लागतं, त्याला वाटतं मीच आजीला सोडतोय, मीच वाईट. आमच्याकडे हे झालं. सासूबाईंचा काही हेतू नव्हता, त्या स्वतःच कासावीस झाल्या होत्या. नंतर त्यांना शांतपणे म्हटलं की आई, त्याला असं म्हणा, तू तिकडे मजेत राहा, मी इकडे तुझं कपाट सांभाळते, दिवाळीत येशील तेव्हा दोघं मिळून किल्ला करू. त्यांनी खरंच एक कप्पा त्याच्या नावाने मोकळा ठेवला. आजही त्यात दोन चड्ड्या, एक तुटका जेसीबी आणि गोट्या आहेत, आणि फोनवर पहिला प्रश्न तोच असतो, माझा कप्पा आहे ना.

आपली फोनवरची बोलणी पण सांभाळा. डिपॉझिट बुडेल, परवडणार नाही, तुझ्या भावाने असं केलं, हे सगळं मुलं खेळता खेळता ऐकत असतात, अर्धं कळतं आणि उरलेलं मनाने भरतात.

निरोप घेऊ द्या, अगदी झाडाचा सुद्धा

शेवटच्या आठवड्यात अर्धा तास काढून मुलाला घेऊन फिरा. दूधवाले काका, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, अंगणवाडीच्या ताई, शेजारची मांजर, जिन्यातली त्याची जागा. प्रत्येक ठिकाणी त्याला टाटा करू द्या, फोटो काढू द्या. हे फोटो मोबाईलमध्ये ठेवू नका, वीस-पंचवीस प्रिंट काढून स्वस्तातला छोटा अल्बम करा. मोबाईल हातात दिला की फोटो बघून होतात आणि मग कार्टून सुरू होतं, अल्बम उशीजवळ राहतो.

रिकामं घर पण एकदा दाखवा. सामान गेल्यावर खोल्या रिकाम्या बघितल्या की मुलाला पटतं की इथलं संपलं, नाहीतर त्याच्या डोक्यात ते घर तसंच मांडलेलं राहतं, आजपण तिथे आपली खुर्ची आहे असं.

पॅकिंग, आणि माझी सगळ्यात मोठी चूक

मुलांचं सामान ती झोपल्यावर गुपचूप भरायचं, हा सल्ला मला तिघींनी दिला होता. करू नका. सकाळी उठून खेळणी गायब म्हणजे मुलाच्या दृष्टीने ती गेलीच. समोर भरा, त्याला खोक्यावर स्केचपेनने काहीतरी ओळखीची खूण काढू द्या. आणि तुटकी खेळणी टाकून द्यायची हीच चांगली संधी आहे असं आपल्याला वाटतं, पण आत्ता काहीही टाकू नका. दोन महिन्यांनी टाका.

एक पिशवी वेगळी ठेवा, जी सगळ्यात शेवटी भरायची आणि सगळ्यात आधी उघडायची, टेम्पोत न टाकता आपल्याबरोबर न्यायची. त्यात रोजचा पेला आणि ताटली, दोन आवडती खेळणी, एक गोष्टीचं पुस्तक, नाईट लॅम्प, दोन जोडी कपडे, तापाचं औषध, लसीकरणाचं कार्ड. आणि पांघरूण.

आता चूक. आमच्याकडे आजीच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी आहे, मोठा जन्मापासून तीच घेऊन झोपतो, तोंडाशी एक ठराविक कोपरा धरून. नव्या घरात सगळं स्वच्छ असावं म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी ती गरम पाण्यात, चांगला वासाचा पावडर घालून धुतली. रात्री त्याने कोपरा तोंडाशी नेला, हुंगला आणि गोधडी ढकलून दिली. "ही माझी नाही." दीड तास रडला. त्या गोधडीला सांगलीच्या घराचा, आजीचा, त्याच्या स्वतःच्या लाळेचा वास होता आणि मी तो नळाखाली सोडून दिला होता. तर ज्या वस्तूवर मूल झोपतं ती शिफ्टिंगच्या आधी आणि नंतर महिनाभर धुवू नका, कितीही कळकट झाली तरी. उशीचा अभ्रा सुद्धा तोच.

शिफ्टिंगचा दिवस

एका माणसाचं काम फक्त मुलं सांभाळणं हे असलं पाहिजे. मामा, आत्या, मैत्रीण, कुणीही, पण ओळखीचं. हमाल कपाट उतरवत असताना पायात घुटमळणारं मूल ही भांडणाचीच तयारी. मात्र दिवसभर त्याला लांब ठेवून रात्री थेट नव्या घरात आणू नका, निघताना आणि पोचताना ते हजर असू द्या. आम्ही पहिल्या वेळी छोटा हत्ती पुढे पाठवून मागून गाडीने आलो, त्या सगळ्या वैतागात त्याला लक्षात राहिलेली एकच चांगली गोष्ट म्हणजे खंबाटकीचा बोगदा.

आपल्याकडे नव्या घरात आधी देव, पाण्याचा कलश, मीठ, हळद नेतात. यातलं एक काम मुलाला द्या. दुसऱ्या घरात मोठ्याने मिठाची पुडी नेली आणि धाकटीने रिकामा तांब्या. दूध उतू घालताना गॅसपासून लांब, पण दिसेल असं उचलून घ्या. आम्ही फार देवभोळे नाही, पण या रीतींमुळे मुलाला "आज काहीतरी झालं आणि त्यात मी होतो" हे नीट कळतं, तेवढ्यासाठी तरी करा.

पोचल्यावर किचन लावायची घाई नको. आधी मुलांचं अंथरूण, जुन्या घरात जसं होतं तसंच, भिंत ज्या बाजूला होती त्या बाजूला. जेवण बाहेरचं चालेल, पण त्याच्या ताटलीत, शक्यतो वरणभात. मग घर फिरून दाखवा, रात्री लाईट बंद करूनही एकदा, बाथरूमला कुठून जायचं ते चालवून.

आणि त्याच दिवशी गुडघ्यावर बसून घर बघा. ग्रिलमधून डोकं जाईल एवढी फट आहे का, बाल्कनीत चढता येईल असं काही ठेवलंय का, पाण्याने भरलेली बादली-पिंप उघडं आहे का, गॅसचं बटण हाताला येतं का, बाथरूमची कडी आतून लागते का. या शेवटच्याने आम्हाला रडवलं, धाकटी आत, कडी लागलेली, वॉचमन खिडकीतून दांडा घालतोय. दुसऱ्या दिवशी खालच्या कड्या काढून मोठ्यांच्या उंचीला लावल्या.

पहिले दीड-दोन महिने

आता खरं काम. मूल मागे जाणार हे धरूनच चाला. वर्षभर कोरडं राहणारं मूल अंथरुणात शू करेल, अंगठा चोखेल, बोबडं बोलेल, भरव म्हणेल, तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराबाहेर रडेल. हे नाटक नाही आणि लाडावलेपणही नाही. आतून हललेलं मूल जिथे सुरक्षित वाटायचं त्या वयात जाऊन बसतं. रागावू नका, "एवढा मोठा घोडा झालास" तर मुळीच नको. प्लास्टिक शीट घाला, भरवा, जवळ झोपवा. बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप सुटतं.

काहीजणांचं उलट असतं. इतकं शहाण्यासारखं वागतात की पाहुणे कौतुक करतात. अशा मुलांवर जास्त लक्ष ठेवा, त्यांचं रडू उशिरा येतं, कधीतरी पेन्सिल तुटल्यावर.

आमच्याकडे एक अनपेक्षित भानगड झाली ती संडासची. सांगलीला भारतीय पद्धतीचा, इथे कमोड. पाय लटकायचे, पडेन असं वाटायचं, तर मोठ्याने चार दिवस शी धरून ठेवली. पोट टम्म, भूक नाही, किरकिर, आणि आम्हाला वाटतंय आजीची आठवण येतेय. डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं. पायाखाली लाकडी पाट, वर मुलांची छोटी सीट, भरपूर पाणी, पपई, जेवणानंतर रोज दहा मिनिटं बसवायचं पण जबरदस्ती नाही. आठवड्यात सुरळीत. तेव्हा मुलाच्या प्रत्येक त्रासाला मनाचंच कारण शोधत बसू नका, आधी पोट बघा.

दिवसाचा क्रम मात्र घट्ट धरा. उठणं, दूध, आंघोळ, जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी शुभंकरोति म्हणत असाल तर ती, रात्रीची गोष्ट, सगळं त्याच क्रमाने. घर अजून लागलं नसेल तरी चालेल. माझं तर मत झालंय की मुलांचं घर हे भिंतींचं नसतंच, ते या क्रमाचं असतं, म्हणून भिंती बदलताना क्रम सोडला की ती खरी बेघर होतात. त्याच महिन्यात अंगावरचं दूध तोडणं, डायपर सोडवणं, वेगळं झोपवणं, पाळणाघर सुरू करणं हे काहीही काढू नका. एका वेळी एकच बदल.

व्हिडीओ कॉलचं थोडं. रोज ठरलेल्या वेळी, थोडाच वेळ, आणि शक्यतो झोपायच्या आधी नको, कारण फोन ठेवल्यावर जे रडू येतं ते घेऊन झोपावं लागतं. "बोल ना आजीशी, बोल" करून मूल बोलत नाही. आजोबांना म्हणा तुम्ही तुमचं करत राहा, कुंड्यांना पाणी घाला, मूल बघेल आणि मधेच बोलेल.

शाळा आणि कागद

जमत असेल तर मे महिन्यात हलवा, जूनमध्ये शाळा सुरू होताना सगळेच थोडे नवे असतात. वर्षाच्या मधे जावं लागलं तर आधी एकदा शाळा फक्त बघायला न्या, संडास आणि पाण्याचा नळ कुठे ते दाखवा, लहान मुलांना वर्गापेक्षा त्याचीच जास्त धास्ती असते. सोडताना मागच्या दाराने पळून जाऊ नका. सांगून, तुम्ही कधी येणार ते त्याच्या भाषेत सांगून जा, "डबा खाल्ल्यावर गाणी होतात, मग मी येते," आणि वेळेवर या.

पहिलीच्या पुढच्या मुलांसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आम्हाला एका ऑफिसात तीन चकरा मारायला लावल्या, कलमाचं नाव घेतल्यावर चौथी वाचली. लसीकरणाचं कार्ड हरवू नका, सोळा ते चोवीस महिन्यांचे आणि पाच-सहा वर्षांचे बूस्टर नेमके शिफ्टिंगच्या गडबडीत राहून जातात. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर आधारचं बायोमेट्रिक अपडेटही त्याच चकरेत उरका. बाळ अंगणवाडीत असेल तर तिथल्या ताईंना जाताना सांगा आणि नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत लगेच नाव घाला.

आई-बाबा वेगळे होत असतील तर

इथे मी अनुभवाने नाही, जवळच्या मैत्रिणीचं बघून बोलतेय. तिने सुरुवातीला मुलीला सांगितलं की बाबा ऑफिसच्या कामाला परगावी गेलेत. मुलगी पाच वर्षांची, तिने दोन महिने रोज खिडकीत बसून वाट बघितली आणि एक दिवस शेजारच्या मुलाकडून कळलं. आता तिला आईचं काहीच खरं वाटत नाही, साधं डॉक्टर सुई देणार नाही म्हटलं तरी.

जमलं तर दोघांनी एकत्र बसून सांगा. "आई आणि बाबा आता एका घरात राहणार नाहीत. आमची भांडणं होतात ती आमच्या मोठ्यांच्या गोष्टींवरून. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. मी तुझी आई आहे, हे तुझे बाबा आहेत, ते बदलत नाही." तुझ्यामुळे नाही, हे एकदा सांगून भागत नाही. या वयात मुलांना खरंच वाटतं की मी दूध सांडलं, बाबा ओरडले, म्हणून ते गेले. आठवड्याला एकदा तरी, आंघोळ घालताना, वेणी घालताना, सहज म्हणत राहा.

कुणाकडे कधी राहायचं ते कॅलेंडरवर दोन रंगांनी रंगवा. दोन्हीकडे टूथब्रश, कपडे, एक ओळखीचं पांघरूण असू द्या, पिशवी घेऊन पाहुण्यासारखं यायला लागू नये. मुलाच्या हाती निरोप पाठवू नका आणि परत आल्यावर "काय म्हणाले बाबा? कोण आलं होतं?" ही उलटतपासणी नको. कायद्याचं बोलायचं तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे, असं आहे, पण कोर्ट मुलाचं हित बघतं आणि दुसऱ्या पालकाच्या भेटीची व्यवस्था करतं. बाकी तुमच्या वकिलांना विचारा.

घरात कुणी गेल्यामुळे घर सुटत असेल तर "आजोबा झोपलेत" एवढं फक्त म्हणू नका. मुलं मग झोपायला घाबरतात. गेले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, असं सांगा, मग देवाघरी म्हणायचं तर म्हणा.

तयारीला वेळच मिळाला नाही तर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं तेव्हा कितीतरी घरांनी मुलांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. तिथे कसलं कॅलेंडर आणि कसला निरोप. अशा वेळी मागाहून सांगायचं, परत परत, त्याच क्रमाने. पाऊस खूप झाला, पाणी वाढलं, काकांनी तुला खांद्यावर घेतलं, होडीत बसलो, आता आपण इथे सगळे एकत्र आहोत. मुलं तोच खेळ खेळतील, बादलीत बाहुली बुडवतील, वाचवतील, परत बुडवतील. थांबवू नका, फार तर खेळातल्या होडीत तुम्हीही बसा.

मदत कधी घ्यायची

महिना-दोन महिन्यांनंतरही मूल खात नसेल, वजन उतरत असेल, झोपेत किंचाळून उठत असेल, बोलणं कमी किंवा बंद झालं असेल, खेळतच नसेल किंवा स्वतःला मारून घेत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग लागलं तर बालमानसतज्ज्ञ. लोक काय म्हणतील ते सोडा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तो आई-बापांसाठीही आहे, कारण या सगळ्यात आपलंही डोकं ठिकाणावर नसतं. घरात मुलाला मारहाण किंवा कसला धोका असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

जुन्या घरी पहिली भेट

पहिल्या महिन्यात शक्यतो जाऊ नका, नव्या जागी बूड टेकायच्या आधीच परत सगळं उकरलं जातं. आम्ही गणपतीत गेलो, म्हणजे तीन महिन्यांनी. जाताना गाडीतच सांगितलं की चार झोपा झाल्या की पुण्याच्या घरी परत. तरी निघताना तो आजीच्या पायाला मिठी मारून बसला, मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. पेठनाक्याला रडणं थांबलं, कराडला वडा खाल्ला, बोगद्यात ओरडून झालं, आणि रात्री फ्लॅटचं दार उघडल्यावर चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या आणि धाकटीला म्हणाला, "तुझ्या पण काढ."